लहान मुलाच्या अंडकोशाची सूज: सुई टोचू देण्याआधी

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्याच्या अंडकोशाची उजवी बाजू सुजू लागली. सकाळी जागा जवळजवळ सपाट, आणि दिवसभर बागडून झालं की संध्याकाळी टम्म. दुखत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मोठा झाला की बसेल. भाईंदर पूर्वेला घराजवळच्या एका दवाखान्यात सांगितलं, सुईने पाणी काढून टाकू. मला ते पटेना. आम्ही परळचं वाडिया रुग्णालय गाठलं.

तिथे डॉक्टरांनी दिवा मालवून सुजेला टॉर्च लावला. सूज आतून लालसर उजळली. पाणी असल्याची ती खूण. पण लहान मुलाचं आतडं पातळ, तेही असंच उजळतं. म्हणून मुलाला खोकायला लावून त्यांनी जांघ बोटांनी चाचपली. तिथे आतडं उतरलेलं असतं, तर सुई त्यातच गेली असती. मला अजून त्या विचाराने धडकी भरते.

बाळ गर्भात असताना वृषण ज्या वाटेने पोटातून खाली उतरतो, ती पुढे बुजते. नाही बुजली, तर पोटातलं पाणी खाली झिरपतं आणि झोपेत परत जातं. हाच मुलांमधला हायड्रोसील. वाट उघडी असेपर्यंत सुईने काढलेलं पाणी पुन्हा भरणारच. वाट रुंद असली तर आतडं उतरतं, तो अंतर्गळ.

तान्ह्या बाळाची अशी सूज बहुधा वर्ष-दीड वर्षात जिरते. घाई करू नका. त्यानंतरही राहिली, तर ऑपरेशन. मोठ्या माणसांत छेद अंडकोशावर घेतात, मुलांत जांघेच्या घडीत, आणि ती वाटच बांधून टाकतात. म्हणून लहान मुलांचाच सर्जन गाठा.

आमच्या मुलाच्या ऑपरेशनच्या दिवशी भुलेसाठी दूध सहा तास आधी बंद. पहाटेच्या लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी बिस्किटाचा पुडा फोडला आणि आमच्या भुकेल्या पोराने डबा डोक्यावर घेतला. तेवढंच काय ते कठीण गेलं. संध्याकाळी आम्ही घरी होतो. नंतर थोडी सूज काही आठवडे राहते, सायकल तेवढे दिवस बंद.

मात्र सूज अचानक कडक झाली, लाल पडली, मूल कळवळून रडू लागलं, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. आतडं अडकलेलं असू शकतं किंवा वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि पिळात हाताशी जेमतेम सहा तास असतात. रात्रीच रिक्षा करा, सर्जन कुठे हजर आहे ते फोन करून विचारा आणि थेट तिकडेच न्या.