परक्या शहरातली पायपीट आणि आपली प्रकृती



मे महिना लागला की भिवंडीतल्या आपल्या वस्त्यांमध्ये यात्रेची बोलणी सुरू होतात. पूर्वी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर इथपर्यंत आपली मजल जायची. आता मुलांच्या सुट्टीत, वैशाख पौर्णिमेच्या सुमारास माणसे लुंबिनी-काठमांडूला जातात, कोलंबो, कँडी, अनुराधापूर पाहून येतात. कुणी बचत गटातून, कुणी भिशीतून पैसे साठवलेले असतात. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या आई-वडिलांना मुले विमानात बसवतात. याचा आम्हाला आनंद आहे आणि अभिमानही.

आम्ही काही परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्त्या अशा मंडळींच्या बैठकीला जातो, रक्तदाब आणि साखर तपासतो, औषधांची चौकशी करतो. जवळपास प्रत्येक बैठकीत एक वाक्य कानावर पडते : "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको." हे बोलणारी बहुधा साठीच्या पुढची बाई असते. खोळंबा नको म्हणून ती पाणी कमी पिते, पायाची जखम दाखवत नाही, चक्कर आली तरी चालत राहते. परदेशातल्या अनोळखी शहरात आजारापेक्षा ही भीड जास्त घात करते. म्हणून या वेळचा पाठ त्या भिडेवर आणि तिच्यावरच्या उपायांवर आहे.

बाबासाहेबांचा प्रवास आठवा. मे 1950 मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. नोव्हेंबर 1956 मध्ये तशाच परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर पार थकले होते. सोबत माईसाहेब होत्या आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्यातल्या प्रत्येकाबरोबर डॉक्टर असणार नाही. पण आजार असला तरी तो उघड सांगून, त्याची व्यवस्था करून निघता येते.

निघण्याआधी

प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. नेहमीच्या डॉक्टरांना सांगा की रोज सात-आठ किलोमीटर चालणे होणार आहे. घरी दिवसभर बसून असलेले माणूस अचानक इतके चालले की साखर खाली येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांनाच विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या. ती विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत चिठ्ठी ठेवा. सामान कक्षात टाकलेली बॅग हरवू शकते आणि तिथल्या थंडीने इन्सुलिन गोठू शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी असते. उन्हात उभ्या केलेल्या बसमध्येही ते ठेवू नका. फ्रिज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात ते गार राहते.

एका जाड कागदावर इंग्रजीत आपले नाव, वय, आजार, ॲलर्जी आणि औषधांची मूळ नावे लिहून घ्या. मूळ नाव म्हणजे मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी. आपल्याकडे डब्यावर जे कंपनीचे नाव असते ते तिकडच्या औषधवाल्याला कळेलच असे नाही, मूळ नाव कळते. मागच्या बाजूला हॉटेलचे नाव-पत्ता तिथल्या लिपीत लिहून घ्या. नेपाळमध्ये पाट्या देवनागरीत असतात, आपली आजीसुद्धा 'अस्पताल' आणि 'शौचालय' वाचू शकते. कोलंबोत पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असते. तिथे हरवलेल्या माणसाला तो कागदच वाट दाखवतो.

चार सिंहली शब्द पाठ करा. पाण्याला 'वतुर', औषधाला 'बेहेत', रुग्णालयाला 'रोहल' म्हणतात. सरकारी औषध दुकानाला 'ओसुसल' म्हणतात. त्यात आपली 'औषधशाळा' लपलेली आहे, म्हणून तो लगेच लक्षात राहतो. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी श्रीलंकेत 1990 हा क्रमांक आहे. भारताच्या मदतीने 2016 मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे. नेपाळमध्ये रुग्णवाहिकेसाठी 102 लावा. दोन्ही क्रमांक त्याच कागदावर लिहा. प्रवास विमाही काढा, कारण परक्या देशात एका रात्रीच्या दाखल्याचा खर्च सगळी भिशी खाऊन टाकतो.

गोळ्यांच्या वेळा फारशा बदलत नाहीत. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याबरोबरच चालते, नेपाळचे पंधरा मिनिटे पुढे असते. बँकॉकला जाणाऱ्यांनी मात्र दीड तासाचा फरक लक्षात ठेवावा.

शहर पाहताना

शहर पायांनी पाहायचे असते हे खरे, पण वेळ निवडून. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर फिरा. मधल्या वेळात सावलीत बसा, विहारात बसा, झोपा. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण, एवढेच ठरवा. कोलंबोची दमट हवा आपल्याला भिवंडीचीच वाटेल. पण अनुराधापूर समुद्रापासून आत आहे, तिथले ऊन वेगळे असते. मे महिन्यात लुंबिनीच्या तराई भागातही पारा चाळिशीच्या वर जातो.

अनुराधापूरला महाबोधी वृक्ष आणि रुवनवेली स्तूप यांच्या परिसरात चपला आणि टोपी काढून जावे लागते. अंगणातला दगड दुपारी तव्यासारखा तापतो. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही. संध्याकाळी हॉटेलवर फोड दिसतो, चार दिवसांनी त्यात पू होतो. म्हणून अशा माणसाने तिथे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे, जाड सुती पांढरे मोजे घालावेत. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांत पाहावे. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबतच्या कुणाकडून तळवे पाहून घ्यावेत. यात कसली लाज?

पौर्णिमेला काही उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन असा उपवास केला तर रात्री साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, भूक, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका. विनयातही आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतर घ्यायची मुभा आहे. आजाऱ्याने अन्न घेतल्याने शील मोडते असे मनात आणू नका.

पाणी आणि शौचालय

हा विषय बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून आम्ही काढतो. शौचालय मिळणार नाही या भीतीने बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. परिणाम दोन. उन्हाने अंगातले पाणी आटते, आणि लघवी रोखल्याने तिथे जंतुसंसर्ग होतो. लघवीला जळजळ, वारंवार भावना, पुढे थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर दुखणे अशी ती साखळी आहे. उपाय सोपा आहे. बस दर दोन-अडीच तासांनी शौचालयासाठी थांबेल, असे नेणाऱ्याकडून आधीच ठरवून घ्या. पाळी चालू असणाऱ्या मुलींनाही त्याचा आधार होतो. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडते आहे असे समजा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पाणी प्यावे.

पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले प्या. बर्फ, कापून ठेवलेली फळे आणि उघडी चटणी टाळा. वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत रस्तोरस्ती 'दानसल' लागतात, म्हणजे मोफत अन्न-सरबताचे मंडप. तिथला मान जरूर घ्या, पण गरम अन्न घ्या. मधुमेह्यांनी गोड सरबताला नम्रपणे हात जोडावेत.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दुकानातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जुलाबात रक्त दिसले, उलटी थांबत नसली किंवा सहा तासांत लघवीच झाली नाही, तर वाट पाहू नका, रुग्णालय गाठा.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तोल गेला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. पॅरासिटामॉलने उष्माघात उतरत नाही.

परत आल्यावर

श्रीलंका 2016 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली, पण डेंग्यू तिथे आहे आणि मे अखेरच्या पावसाबरोबर तो वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मलम लावा. घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना न विचारता सांगा, "आम्ही अमुक देशातून आलो." तापात फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे असतात. पोटात दुखणे, सतत उलटी, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणे, यांपैकी काही दिसले तर तडक दाखल व्हा.

गटाची जबाबदारी

विनयपिटकात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि सोबतचे कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतःच्या हाताने धुतले आणि मग संघाला आजाऱ्याच्या सेवेचा नियम घालून दिला. आम्ही परिचारिका हा प्रसंग आमच्या कामाचा पहिला पाठ मानतो. यात्रेला निघालेल्या गटालाही तो तितकाच लागू आहे.

म्हणून दोन-दोन माणसांच्या जोड्या करा. रोज सकाळी आणि रात्री एकमेकांना विचारा : गोळी घेतली? पाणी प्यायलात? लघवी झाली? पाय पाहिले? चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असू द्या. एखादे स्थळ राहिले तर राहू द्या, ते पुढच्या वर्षीही तिथेच असेल. निघायच्या आधीच्या बैठकीत नेणाऱ्यानेच सर्वांसमोर सांगावे की कुणाला बरे वाटत नसेल तर थांबायचे, आणि थांबणे हा खोळंबा नाही. एवढे एक वाक्य आधी बोलले गेले तर आपल्या कितीतरी माता-भगिनी गोळी, पाणी आणि दुखणे लपवणार नाहीत.