मराठीचा 'ही' आणि उर्दूचा 'ही'

बोलण्यात आणखी माहितीची भर घालायची असली की आपण 'आणि', 'व', 'शिवाय' वापरतो. उर्दूतला 'और' पाठीशी असल्याने 'आणि' सहसा चुकत नाही. घोटाळा होतो तो 'ही' या चिमुकल्या अव्ययात.

एकदा एका मुलाने मला चिठ्ठी दिली : "सर, खिडकीची काच मीही फोडली." मी विचारले, "बरोबर आणखी कोण होते?" त्याच्या शेजारच्या मित्राचा चेहरा पार उतरला. मुलाला म्हणायचे होते, 'शीशा मैंने ही तोड़ा', म्हणजे 'मीच फोडली'. खरे बोलायला आला आणि एका अक्षराने मित्राला गुन्ह्यात ओढून बसला!

उर्दूचा 'ही' म्हणजे मराठीचा 'च'. मराठीचा 'ही' म्हणजे उर्दूचा 'भी', इंग्रजीचा 'ऑल्सो'. तो शब्दाला जोडून लिहितात. पण कोणत्या शब्दाला, ते पाहा. 'सलमाही पुस्तक वाचते' यात वाचणारे आणखी कोणी आहे. 'सलमा पुस्तकही वाचते' यात ती आणखी काही वाचते. 'सुद्धा' आणि 'देखील' यांचेही असेच.

आता सांगा, 'रविवारीही शाळा आहे' आणि 'रविवारीच शाळा आहे' यांपैकी कोणते वाक्य तुम्हाला आवडेल?