बैलाला कास कशी? : कार्टूनमधून घेतलेला परिसर अभ्यासाचा एक तास



मुलं सारखी कार्टून बघतात, ही तक्रार आपण रोज करतो. आज अशाच एका कार्टूनमधून झालेल्या तासाविषयी लिहिते.

'बार्नयार्ड' हा २००६ सालचा अमेरिकन ॲनिमेशनपट. लेखक-दिग्दर्शक स्टीव्ह ओडकर्क. शेतकऱ्याची पाठ वळली की त्याची जनावरं दोन पायांवर उभी राहतात, बोलतात, नाचतात. ओटिस हा त्यातला मौजमजेत रमलेला तरुण. त्याला लहानाचा मोठा करणारा बेन रात्री सगळ्यांची राखण करतो. कोंबड्यांना कायोटींपासून (लांडग्याच्या कुळातला तिकडचा प्राणी) वाचवताना बेनचा जीव जातो आणि जबाबदारी ओटिसवर येते.

जबाबदारी हे मूल्य शिकवायचं म्हणून मी तिसरीच्या मुलांना सुरुवातीचा भाग दाखवला. चित्रपट इंग्रजी, म्हणून मध्ये मध्ये थांबवून गोष्ट मराठीत सांगत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, ह्यो तर गडी हाय. मग ह्याला कास कशी?"

वर्ग हसला. मी नीट पाहिलं, तर खरंच! ओटिस आणि बेन दोघंही नर, पण दोघांना गायीसारखी कास काढलेली. मी हा चित्रपट आधी पाहिला होता, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचारणारा मुलगा वाचनाच्या तासाला मान खाली घालून बसतो. त्याच्या घरी बैलजोडी आहे, गायी आहेत.

मूल्यशिक्षण बाजूला ठेवलं आणि त्यालाच पुढे बोलावलं. तो सांगत गेला, मी फळ्यावर लिहीत गेले: गाय, कालवड, गोऱ्हा, खोंड, बैल, वळू. मग म्हशीचं घर: म्हैस, रेडा, पारडू, वगार. गायीला सड चार, शेळीला दोन. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, हेही त्यानंच सांगितलं. इंग्रजी बोलण्यात यातल्या बऱ्याच जणांना सरसकट 'काऊ' म्हणतात. आपल्याकडे वय आणि कामाप्रमाणे वेगळा शब्द आहे. हे शब्द मुलांना घरी मिळतात. वर्गात आपण विचारले तरच ते वहीत येतात.

एक गोष्ट मला त्या दिवशी समजली. जनावरं बोलत नाहीत, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. त्या खोटेपणानं काही बिघडत नाही. पण बैलाची कास गुपचूप डोक्यात जाऊन बसते. ज्यानं गोठा पाहिलेलाच नाही, ते मूल तिला खरंच मानणार. म्हणून कार्टून बंद करण्यापेक्षा सोबत बसून बघणं महत्त्वाचं.

हे करून पाहा :
१. दहा मिनिटांचाच भाग दाखवा.
२. "गंमत म्हणून काय दाखवलंय? चुकीचं काय आहे?" असे दोन रकाने करून घ्या.
३. उत्तर लगेच सांगू नका. मुलांना घरी, गोठ्यावर किंवा दूधवाल्या काकांना विचारून येऊ द्या.
४. दुसऱ्या दिवशी मुलांनाच सांगू द्या.

ओटिसच्या जबाबदारीचा पाठ आम्ही दुसऱ्या दिवशी घेतला. "घरी राखण कोण करतं?" असं विचारल्यावर पहिला हात मागच्या रांगेतूनच वर आला.