दहा सेंटिमीटरची पाटी

पोरी, नागपूर रस्त्यावर शहापुरात स्वतःचं ऑफिस टाकते आहेस, छान केलंस. कॉलेजात तुला इमारत उभी करायला शिकवलं, ऑफिसचा महिन्याचा खर्च कसा उभा करायचा ते कोणी शिकवलं नाही. त्यातून गावातलं ऑफिस, म्हणजे दार सदा उघडं. घरकुलवाला येईल, शाळेचे गुरुजी येतील, नात्यातलं कोणी तरी "एक नकाशा काढून दे ना वं" म्हणत खुर्ची ओढून बसेल. या सगळ्यांना हसून हो म्हणता यावं असं वाटत असेल, तर आधी वही नीट ठेव. तेवढ्यासाठीच तुझ्या मोठेबाबांची ही कुरकुर.

१. पाटी लहानच लाव – वास्तुविशारदांच्या १९८९ च्या आचारनियमांत पाटीवरच्या अक्षरांना १० सेंटिमीटरची मर्यादा आहे, आणि स्वतःची जाहिरात करायलाही मनाई. आपल्याकडे तुझी जाहिरात तुझं पहिलं न गळणारं घर करेल.

२. पहिल्या भेटीत चहा घे, प्लॉट पाहून घे, पण फीचा आकडा सांगू नको – घाईत सांगितलेला आकडा समोरच्याला जन्मभर आठवतो आणि तू मात्र काम वाढवत बसतेस.

३. जे ठरलं ते त्याच रात्री एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घे: काम काय, फी किती, कोणत्या टप्प्याला किती, साइटवर फेऱ्या किती. नात्यातलं काम असेल तर दोन पानं लिही – लिहिलं तेवढं नातं तरलं.

४. फीचे हप्ते धानाकडे पाहून ठरव. हा मुद्दा मोठ्या शहरातून शिकून आलेल्या पोरांच्या ध्यानात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपला भंडारा जिल्हा भाताचा. जुलै-ऑगस्टात शेतकऱ्याचा पैसा बांधीत रुतलेला असतो, मजूर रोवणीला गेलेले असतात, आणि पावसाळ्यात रेतीघाटही बंद. तेव्हा तू हप्ता मागितलास तर तो खजील होईल आणि पुढच्या वेळी रस्ता बदलून जाईल. दिवाळीनंतर धान खरेदी केंद्रावर गेलं, पैसे खात्यात पडले, की तोच माणूस स्वतः ऑफिसात येतो. म्हणून पावसाळ्यात नकाशे, परवानग्या आणि अंदाजपत्रक उरक, मोठा हप्ता हिवाळ्यात ठेव – हंगाम पाहून मागितलं, तर भांडण नाही लागलं.

५. वर्षाची जमा २० लाखांवर जायला लागली की जीएसटीची नोंदणी कर, आणि कागदावर "कर वेगळा" हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून लिहीत जा – नाहीतर ते १८ टक्के तुझ्याच फीतून जातील.

६. उद्यम नोंदणी करून घे – २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांपलीकडे थकवलं की व्याज लागतं. व्याज मागायची वेळ येऊ नये, पण बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की संस्थांचे लेखापाल जरा लवकर हलतात.

७. टाइलवाला, लोखंडवाला दिवाळीला पाकीट घेऊन येईल. मिठाई ठेवून घे, पाकीट परत दे – ते नियमातही बसत नाही, आणि उद्या त्याच्या वाकड्या सळईला वाकडी म्हणायला तुझी जीभ उचलणार नाही.

८. पेन्सिल हातात घेण्याआधी सातबारा किंवा नमुना आठ माग, जागा गावठाणात आहे की बाहेर ते पाहा, आणि महामार्गालगत असेल तर बांधकाम रेषा लेखी मागून घे – "सगळं क्लिअर आहे" हे वाक्य कागद नसणाराच जास्त वेळा म्हणतो.

९. घरच्या बाईला विचारल्याशिवाय स्वयंपाकघर पक्कं करू नको – पैसे देणारा मान हलवतो, राहणारी भिंत हलवते. कागदावर खोडलेली भिंत फुकट, बांधून पाडलेली दुप्पट.

आता सेवेचं. इथे तू हळवी आहेस, म्हणून जास्त काळजी.

१०. आठवड्यातली एकच सकाळ फुकट सल्ल्याला ठेव आणि तसं दारावर लिही – रोज थोडं थोडं फुकट दिलं की गरजवंत मागे राहतो आणि गप्पिष्ट पुढे बसतो.

११. त्या सकाळी सगळ्यात आधी घरकुलवाल्यांना बसव. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा आणि मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्यांनी. एवढ्यात तुझी कला दाखवू नको. दार कुठे, खिडकी समोरासमोर कशी, मेच्या उन्हात स्लॅबखाली जीव कसा वाचवायचा, पुढची खोली कोणत्या बाजूला वाढेल, इतकंच सांग. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत पुष्कळांना जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला, बाकीचं घर लोकांनी आपल्या ऐपतीनं वाढवलं. २०१८ साली वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळालेल्या माणसाला अर्धं घर काढायची लाज वाटली नाही, तुलाही वाटू नये.

१२. वैनगंगेकाठच्या गावात जोत्याची उंची ठरवण्याआधी म्हाताऱ्यांना विचार की २०२० च्या ऑगस्टअखेर पाणी कुठवर चढलं होतं – ती खूण नकाशावर नसते, त्यांच्या भिंतीवर असते.

१३. शाळा, दवाखाना, मंगल कार्यालय, कोणीही समितीवर बोलावलं तर सत्कार नंतर घे. आधी वायरिंग पाहा, बाहेर पडायची दारं मोज, कुलूप कोणाकडे असतं ते विचार. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्याच जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. अशा पाहणीची फी घेऊ नको, आणि पाहिलेलं तोंडी सांगू नको, लिहून दे, पोच घे.

१४. मिस्त्री आणि रेजांना बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचं सांगत जा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून साइटवर हजेरीवही ठेवायला ठेकेदाराच्या मागे लाग – पडल्या-झडल्यावर धावपळ करण्यापेक्षा रोजची एक सही स्वस्त.

१५. वर्षातून एकदा तरी शिकायला बाहेर पड. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं केंद्र नागपुरात आहे, वास्तुकला परिषदेचं प्रशिक्षण केंद्र पुण्यात. तिथे काचेच्या दर्शनी भिंतींवरची व्याख्यानं ऐक बापा, पण करार आणि निविदांचा वर्ग चुकवू नको – काच आपल्याकडे कोणी मागत नाही, निविदा ग्रामपंचायतही काढते.

१६. आणि मोठ्या आईनं सांगितलेला स्वयंपाकघराचा नकाशा तुझ्याकडे कधीचा पडून आहे. तिच्यासाठीही दोन पानं लिही, सही मी करतो, पण ओट्याची उंची तिलाच विचार.