स्ट्रॉबेरी-बेदाण्याचं कॉबलर: आत्याचे कानमंत्र

बाळा, स्लो कुकर घेतलास ते बरं केलंस. कॉबलर म्हणजे खाली रसाळ फळं आणि वर मऊ, फुगलेला थर. त्यासाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि सांगलीचा बेदाणा घे. पहिलीला २०१० साली आणि दुसऱ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. या कुकरमधून पाणी उडून जात नाही, म्हणून सगळं लक्ष पाण्यावर ठेवायचं.

१. स्ट्रॉबेरी फेब्रुवारी-मार्चात घे, भिलार-पाचगणीकडची, लाल पण घट्ट — तेव्हा आवक भरपूर असते, आणि शिजवायला लहान-वाकडी फळंही चालतात.

२. पाऊण किलो फळं आधी धू, पुसून कोरडी कर, देठ शेवटी काढ — देठ आधी गेला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं.

३. अर्धी वाटी बेदाणा कोमट पाण्याने दोनदा धू — तासगावकडे द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात. पण भिजत घालू नकोस — भुकेला बेदाणाच स्ट्रॉबेरीचं सुटलेलं पाणी पितो आणि आंबटगोड होऊन टुम्म फुगतो.

४. अर्धी वाटी साखरेत तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कोरडंच कालव, मग फळांना चोळ — थेट रसात टाकलंस तर गुठळ्या होतात. कराडचा गूळ घालायचा असेल तर बारीक किसून घाल — खडा तळाशी बसून करपतो.

५. भांड्याला आतून लोणी लाव, फळं आणि बेदाणा त्यात घाल, पण अर्ध्याच्या वर भरू नकोस — थराला फुगायला जागा लागते.

६. वरच्या थरासाठी अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी खपलीची कणीक, पाव वाटी साखर, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूट मीठ एकत्र कर. अर्धी वाटी दूध आणि दोन चमचे वितळलेलं लोणी अगदी शेवटी घाल — ओली झाली की बेकिंग पावडर थांबत नाही. चमच्याने फळांवर ठिकठिकाणी सोड, पसरू नकोस — मधल्या फटींतून वाफ वर येते.

७. झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून बांध, टोकं वर गुंडाळ — झाकणाला जमलेलं पाणी थरावर ठिबकलं तर तो चिकट होतो. बाकीचं काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

८. 'हाय'वर दोन ते अडीच तास. तुझी डोकावायची सवय मला ठाऊक आहे, म्हणून सांगते: डोकावणाऱ्याला कच्चं, थांबणाऱ्याला पक्कं — झाकण उघडलं की कोंडलेली ऊब जाते आणि ती परत यायला बराच वेळ लागतो.

९. लाइट गेली तर झाकण तसंच ठेव — थोडा वेळ ऊब टिकते. चिनीमातीचं भांडं मात्र गॅसवर चढवू नकोस, आणि गरम असताना नळाखालीही धरू नकोस — तडकतं.

१०. काडी कोरडी निघाली की कुकर बंद कर आणि झाकण काढून पंधरा मिनिटं थांब — तेवढ्यात रस दाटतो. वरून तांबूस रंग येत नाही, त्यात तुझी चूक नाही. या कुकरची आच खालून-बाजूनेच असते.

११. उरलं तर डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेव, दोन दिवसांत संपव.

मार्च सरायच्या आत एकदा करून बघ आणि मला बोलाव. एप्रिलनंतर महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी थेट पुढच्या थंडीतच येते.