जनुक आत गेलं, थायमिन जातंय का?

ये, बस. एसएलसी१९ए३ जनुकाचा लेंटीव्हायरल क्लोन आला ना? फ्रीजरात टाकायच्या आधी चार गोष्टी ऐकून घे.

हे जनुक थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पेशीत नेणारं ४९६ अमिनो आम्लांचं प्रथिन घडवतं. १९९८ साली सौदी अरेबियातल्या मुलांमधला मेंदूचा एक आजार नोंदला गेला. त्या मुलांना बायोटिनने गुण आला. २००५ मध्ये त्यामागचं हे जनुक सापडलं. पुढे तपासलं तर हे प्रथिन बायोटिन नेतच नाही, थायमिन नेतं! आज रुग्णाला दोन्ही देतात. तेव्हा कशाला गुण आला यावरून वाहतूक ठरवू नकोस. ती मोजावी लागते.

प्लाझमिड वाढवताना घाई नको. लेंटी प्लाझमिडवर दोन बाजूंना एलटीआर नावाचे सारखे तुकडे असतात. साध्या ई. कोलायमध्ये ते आपसांत जुळतात आणि मधलं जनुक गळून जातं. स्टेबल-३ जातीचे जिवाणू घे, ३० अंशांना वाढव, आणि भराभर फुगलेल्या वसाहतींपेक्षा लहान वसाहती उचल. प्लाझमिड कापून जेलवर चालव. अपेक्षेपेक्षा खाली चमकती पट्टी दिसली की ती वसाहत सरळ फेकून दे. जी चांगली निघेल तिच्यातल्या जनुकाचे सगळे १,४९१ बेस वाचून घे. प्रथिनाच्या ४२२व्या जागी थ्रिओनिनऐवजी ॲलनिन आलं की तोच आजार होऊ शकतो, म्हणजे एका बेसवर किती अवलंबून आहे बघ.

या प्लाझमिडपासून बनवलेला विषाणू स्वतः वाढत नाही म्हणून बेफिकीर राहू नकोस. व्हीएसव्ही-जी प्रथिनाचं आवरण असलं की तो तुझ्याही पेशींत शिरू शकतो. सुई नको, काचेची पिपेट नको, कचऱ्यावर ताजं ब्लीच. गाळलेला विषाणू लहान-लहान वाटे करून उणे ८०ला ठेव. एकदा वितळवलेला परत गोठवू नकोस.

शंभरातल्या तीसहून कमी पेशी संक्रमित होतील इतकाच विषाणू घाल, म्हणजे बहुतेकींत एकच प्रत जाईल. संक्रमित पेशी निवडायला लागणाऱ्या प्युरोमायसिनची मात्रा तुझ्या पेशींवर आधी पारखून घे, दुसऱ्याच्या वहीतली उचलू नकोस. तुलनेसाठी रिकाम्या व्हेक्टरची पेशीरेषा मात्र हवीच.

वेस्टर्नला नमुना उकळू नकोस. पेशीपटलातून बारा वेळा आरपार जाणारं हे प्रथिन ९५ अंशांना गोळा होतं आणि जेलच्या तोंडाशीच डाग होऊन अडकतं. ३७ अंशांना अर्धा तास पुरे.

आता खरी परीक्षा. हे प्रथिन काही दहा नॅनोमोलर इतक्या थोड्या थायमिनवर काम करतं. पेशी वाढवायच्या डीएमईएम माध्यमात लिटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास १२,००० नॅनोमोलर थायमिन असतं. त्या पुरात तुझं ट्रिशियम लावलेलं थायमिन कुठे दिसणार? आधी पेशी थायमिनविरहित बफरने धू. वेळ काही मिनिटांचाच ठेव आणि थंड बफरने थांबव. शेजारी भरपूर साधं थायमिन घातलेली बशी ठेव. ट्रिशियमचा आकडा तिथे पडला नाही तर चिकटलेलंच मोजतोयस. दुसऱ्या बशीत फेड्रॅटिनिब घाल. थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या वर्निके या मेंदूच्या आजारासारखी लक्षणं दिसल्यामुळे २०१३ साली ज्याच्या चाचण्या थांबल्या ते हे औषध याच प्रथिनाला अडवतं.

दोन्ही बशा अडल्या आणि तुझी मोकळी धावली, तरच गटाच्या बैठकीत तोंड उघड. नाही धावली, तर जनुकाला दोष द्यायच्या आधी बफर तपास.