घाशीराम : उसन्या मानाचा मानकरी

आपल्या नाट्यवाङ्मयात राजे, पेशवे आणि सेनापती पुष्कळ आहेत. त्यांच्यावर निबंधही पुष्कळ झाले आहेत. मला मात्र त्यांच्या खालच्या पायरीवर उभा असलेला मानकरी अधिक विचार करायला लावतो. याची सत्ता छोटी असते, पण ऐट मोठी. पदरी घराणे नसते, म्हणून हा दरारा जमवतो. आणि दरारा टिकवायला ज्या लांड्यालबाड्या कराव्या लागतात त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मधील घाशीराम हा या जातीचा उत्तम नमुना होय.

प्रथम इतिहास पाहू. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडून पुण्यास आलेला गौड ब्राह्मण. 1777 साली त्याला पुण्याची कोतवाली मिळाली आणि ती मृत्यूपर्यंत, म्हणजे 1791 पर्यंत, त्याच्याकडे राहिली. कोतवालाचे काम केवळ चोर पकडण्याचे नव्हते. बाजारभावांवर नजर, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची दखल, रात्रीची गस्त, लहानसहान तंटे, हे सारे त्याच्या कचेरीत येई. गुन्हेगारीचा दंड हे सरकारी उत्पन्नाचे एक कलम होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या कचेरीला दंडातून पैसा मिळतो, तिला गुन्हे कमी व्हावेत अशी तळमळ कितपत असणार?

1791 च्या श्रावणात दक्षिणेसाठी तेलंगणाकडून आलेल्या ब्राह्मणांपैकी काहींना घाशीरामाच्या माणसांनी पकडून एका कोंदट जागेत डांबले. त्यांपैकी विसांहून अधिक गुदमरून मेले. संतापलेल्या जमावाने कोतवालाची मागणी केली. नाना फडणविसांनी आधी चालढकल केली, पण शेवटी त्याला जमावाच्या हवाली करण्यात आले. हत्तीवरून धिंड निघाली आणि 31 ऑगस्ट 1791 रोजी लोकांनी दगडांनी ठेचून त्याला मारले. पुढे 1863 साली मोरोबा कान्होबा यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाच्या कानावर तेंडुलकरांच्या पुष्कळ आधीपासून होते.

तेंडुलकरांनी या सामग्रीतून नाटक नव्हे, 'खेळ' उभा केला. नाचणाऱ्या-गाणाऱ्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा, तीच भिंत, तोच जमाव. या खेळातला घाशीराम कनोजहून येतो, पुण्यात अपमानित होतो, चोरीचा खोटा आळ घेऊन तुरुंगात पडतो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. पुढचा व्यवहार उघडाच आहे. त्याच्या हाती विकण्यासारखे काही नाही, म्हणून तो स्वतःची मुलगी गौरी नानांपुढे करतो आणि बदल्यात कोतवाली मागून घेतो. त्या क्षणापासून तो 'मोठा' होतो. परवान्यांचे राज्य सुरू होते. प्रेत जाळायलाही परवाना! रात्री दारे ठोठावत तो स्वतः फिरतो. निरपराध माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून तो न्याय करतो. एवढ्या दिमाखात मिरवणाऱ्या या माणसाच्या मानातला एकही धागा त्याचा स्वतःचा नाही. नानांनी तो दिला आहे आणि नाना तो परत घेणार आहेत. परका माणूस नेमला की पापाचा बोजा त्याच्या माथी आणि लाभ आपल्या पदरी, हे नानांचे गणित प्रेक्षकाला आधीच कळते. घाशीरामाला ते गौरी गेल्यावर कळते.

काही प्राध्यापक या नाटकाला इतिहासाचे विडंबन म्हणतात. तेंडुलकरांनी स्वतः हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे सांगितले होते, आणि मला ते पटते. नाना फडणविसांच्या चरित्राचा अभ्यास करायचा असेल त्याने दप्तरे उघडावीत. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाल्यावर मात्र वाद नानांवरूनच पेटला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबवले. दिग्दर्शक जब्बार पटेल, नानांची भूमिका करणारे मोहन आगाशे आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. त्यांनी 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापन करून खेळ पुन्हा उभा केला. 1980 च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झालाच. या सगळ्या गदारोळात घाशीरामाच्या बाजूने कोणी बोलले नाही, हे मला विशेष वाटते. नानांना वारस होते, घाशीरामाला कोणीच नव्हते.

आता कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहून हा खेळ आपल्याला किती परका वाटतो? मला तरी वाटत नाही. धान निघाले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर जाहिराती लागतात आणि रात्रभराच्या खेळात एखादा जमीनदार किंवा मालगुजार मिशांना पीळ देत प्रवेश करतोच. तो आला की मंडपात कुजबूज सुरू होते, कारण बसलेल्यांपैकी अनेकांच्या आज्याने खरा मालगुजार पाहिलेला असतो. मालगुजार सारेच दुष्ट होते असे नव्हे. आपले कितीतरी तलाव त्यांच्या काळचे आहेत. पण त्यांचा मानही वरूनच आलेला होता. इंग्रजांनी बंदोबस्तात त्यांना गावाची मालकी दिली, सारा वसूल करून त्यातला वाटा ठेवण्याची मुभा दिली, आणि रयतेचा राग घ्यायलाही पुढे केले. 31 मार्च 1951 रोजी जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या भंडारा जिल्ह्यातही, ती मालकी कायद्याने संपली. उरले ते 'माजी मालगुजारी तलाव', ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात.

एक फरक मात्र मोठा आहे. झाडीपट्टीच्या खेळात बहुधा खलनायक शेवटी मार खातो, टाळ्या पडतात आणि प्रेक्षक पहाटे समाधानाने घरी जातात. तेंडुलकरांच्या खेळातही घाशीराम मरतो आणि जमाव आनंद करतो. परंतु त्या जमावापुढे उभे राहून उत्सवाची आज्ञा देतात ते नाना, आणि कोतवालीची जागा रिकामी झालेली असते.